सुईचा ताप

३ नोव्हेंबर २०२४
भाऊबीज, सकाळ

रंजीता,

आशीर्वाद. वर ‘चिरंजीव’ लिहायचं मुद्दाम टाळलं आहे. आपल्या दोघींमध्ये तो शब्द आता जड झाला आहे. तू माझा नंबर बंद करून टाकलास असं कुलदीप म्हणाला, म्हणून हा कागद. तो दुपारच्या गाडीने भैंशाला निघेल. अर्धी दिवाळी आईकडे आणि अर्धी बायकोकडे, अशी माझ्या लेकाची वाटणी झाली आहे. बँकेत राहून एवढं गणित तरी जमलं त्याला. पत्र तो फोडणार नाही. माझं अक्षर वाचायचा त्याला लहानपणापासून कंटाळा आहे.

तुझ्या खोलीत यंदा कापूस भरला आहे. रागावू नकोस, दुसरी जागाच नव्हती. भाव वाढेल म्हणून तुझे सासरे थांबले आहेत. जन्म गेला वांगी-टमाट्यात, कापसातलं त्यांना काय कळतं, पण सांगणार कोण. कापसाला ओल तर लागली नाही ना, हे बघायला मी रोज दार उघडते. खिडकीकडच्या ढिगात एक खळगा पडलेला असतो. मांजर झोपत असेल. मी तो हाताने बुजवते आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच असतो, तेवढाच. पाळणा टांगला होता ती बाजू. मांजर मात्र मी अजून एकदाही आत पाहिलेलं नाही.

जाऊ दे. कापसाबद्दल लिहायला बसले नाही मी.

जान्हवीचा आठवा महिना सरत आला. नात असून मी तिला फक्त मोबाइलवर पाहिली आहे. हसली की हनुवटीला वळी पडते, ती तुझ्या आईची आहे, हे मी मोठ्या मनाने मान्य करते. तिला जन्मताना दवाखान्यात दिले तेवढेच डोस झाले. त्यानंतर एकही नाही. पुढच्या महिन्यात नऊ पुरे होतील आणि गोवराच्या सुईची वेळ येईल. आमच्या खालच्या तांड्यावर गोवर निघाला आहे, रंजीता. भैंशाच्या बाजारात तर चारी दिशांची माणसं येतात, आणि तुझ्या आईचं दुकान ऐन रस्त्यावर. राहिलेल्या सुया आणि ही सुई, सगळ्या देऊन घे.

गावात मला बयनाबाई म्हणणारं आता कोणी उरलं नाही. सगळे आशाबाई म्हणतात. दारोदार फिरून लेकरांना सुया टोचवणारी बाई. तसल्या बाईचं तू का ऐकावंस, हे मला कळतं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तू नको म्हणत असताना तुझ्या ईशानला मीच सुईला नेलं आणि आठवड्याच्या आत तो गेला. सुईने गेला, असं तू म्हणालीस. ते मी तेव्हा खोडलं नाही आणि आजही खोडत नाही. माझ्यावर राग ठेव. तो ठेवूनही सुई देता येते.

आत्याबाई


२४ नोव्हेंबर २०२४

रंजीता,

तुझा निरोप पोचला. कुलदीप सांगताना जमिनीकडे बघत होता. “एक नेला, आता दुसरीवर डोळा ठेवू नका म्हणा.” बरं केलंस बोललीस. दीड वर्षात तू माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मी ते घेतलं आणि भाकरी थापायला बसले. त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या करपल्या. तुझे सासरे तशाच खाऊन उठले.

बाबारावांची धाकटी सून तुला आठवते का, रेशनच्या दुकानामागचं घर? तिच्या मुलाला गोवर निघाला. मी गेले तर दाराला लिंबाचा पाला बांधलेला, पोरगं अंधाऱ्या खोलीत, अंगावर कांबळं. म्हणे गोवर म्हणजे देवीबाई आली आहे, औषध दिलं तर कोपेल. या घराला मी मागच्या वर्षी सुईसाठी किती विनवलं होतं. तेव्हा सासूने मला ओसरीवरूनच वाटेला लावलं होतं, “आशाबाई, तुमी तुमच्या नातवाले सुई देऊन बसल्या. आता आमच्या लेकराच्या मागं काऊन लागल्या?” माझ्यापाशी त्यावर उत्तर होतं, पण द्यायचं नव्हतं.

यावेळी मी ऐकलं नाही. बाबारावांना म्हटलं, बाईला मी समजावते, तुम्ही ऑटो बोलवा. उटनूरच्या दवाखान्यात पोरगं वाचलं. पण परवा घरी आणलं तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, पांढरं. उजेडाकडे तोंड केलं की तो मान फिरवतो. सुनेने मला पाहिलं आणि पदर तोंडात धरला. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, “बसा, चहा ठेवतो.” मी तो चहा कसा घेतला ते माझं मलाच माहीत.

आमच्या कामात एक वाक्य आहे. सुई दिल्यावर प्रत्येक आईला सांगायचं असतं, ताप येईल, घाबरू नका, तो सुईचा ताप आहे, जातो. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकते असं तू मला चिडवायचीस. आता ते तोंडातून निघताना अडतं. ईशानला ताप आला त्या दिवशी मी नार्नूरला मीटिंगमध्ये होते आणि तुझा फोन आला. “आत्याबाई, ताप आला, किरकिर करून राह्यला.” मी सगळ्या बायांसमोर मोठ्या ऐटीत म्हणाले, सुईचा ताप आहे, येऊ दे. फोन ठेवला आणि शेजारणीला म्हटलं, घरात आशा असून सून घाबरते बघा. आम्ही हसलो.

आता कुठल्याही घरी गेले की आधी लेकराच्या बरगड्यांकडे बघते. श्वास घेताना खाली खड्डा पडतो का. आया म्हणतात, आशाबाई, पोरगं हसून राह्यलं तुमच्याकडं, तुमी त्याच्या तोंडाकडं तं पाहा. पण नजर वर जातच नाही.

जान्हवीला सुई दे. एवढंच.

आत्याबाई


८ डिसेंबर २०२४

रंजीता,

कुलदीप आत्ता भैंशाहून आला. त्याने तुझी चिठ्ठी दिली. तुझं अक्षर बघून आधी आनंद झाला, मग वाचलं.

जान्हवीला सर्दी-खोकला झाला होता. आईने तेल कोमट करून पाजलं, कफ मोकळा झाला, लेकरं सुईवाचूनही वाढतात. असं तू लिहिलं आहेस.

कोणतं तेल? एरंडेल? ते पाजताना तिला पायांवर आडवी घेतली होती का? ती रडत होती का? नाक दाबलं होतं का?

तेल बंद कर. आज, आत्ता. विहीणबाईंना म्हणावं, आशाबाईने पाया पडून सांगितलं आहे. कारण विचारू नकोस. तिचा खोकला राहिला असेल, श्वास भराभर चालत असेल, दूध ओढताना ती थांबत असेल, तर कोणाला न विचारता दवाखान्यात ने. कुलदीपला मी उलट्या पावली परत पाठवते आहे. तो कुरकुरतो आहे, तरी.

आत्याबाई


१२ डिसेंबर २०२४
(हे द्यायचं नाही.)

रंजीता,

हे पत्र कुलदीपच्या हाती जाणार नाही, हे लिहायच्या आधीच ठरलं आहे. पण खरं एकदा कागदावर मांडलं नाही, तर पुढचं खोटं मला नीट जुळवता येणार नाही.

जान्हवीची छाती साफ आहे असं दवाखान्यात सांगितलं, हे कुलदीपने फोनवर कळवलं. मग तो म्हणाला, “आई, तेलाचं ती ऐकत नाही. म्हणते, तेलानं काय होते? ईशानलेबी पाजलं होतं त्या दिवशी, तवा कुठं काय झालं?”

रंजीता, तेव्हाच झालं.

तू मला स्वतःच सांगितलं होतंस, आदिलाबादच्या वाटेवर, ऑटोत. दुपारी तो रडत होता, तुला वाटलं पोट दुखतं. तू आईला फोन केलास. आई म्हणाली, एरंडेल पाज, नाक धर, नाहीतर थुंकून टाकतो. तू पाय पसरून त्याला पायांवर घेतलंस, जसं तुझ्या आईने तुला घेतलं, जसं माझ्या आईने मला. मीही कुलदीपला असंच पाजलं आहे. आपल्याकडे कोणत्या आईने पाजलं नाही? त्याला ठसका लागला, तोंड निळं-जांभळं झालं, मग तो रडला, मग थकून झोपला. तू सांगत होतीस आणि तुला वाटत होतं तू सुईबद्दल सांगते आहेस. “सुईच्या तापानं किती थकला पाहा, आत्याबाई.”

मी नार्नूरहून आले तेव्हा दिवेलागण झाली होती. तो तुझ्या मांडीवर होता आणि बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्याच्या झबल्याला एरंडेलाचा वास होता. आम्ही निघालो. त्यापुढचे दिवस तुला माहीत आहेत.

एक माहीत नाही. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो पाहिला आणि मला बाहेर बोलावलं. “अम्मा, तेल किसने पिलाया?” सुईचा यात काही संबंध नाही, तेल श्वासाच्या नळीत गेलं आहे, असं त्यांनी मला दोनदा समजावलं. व्हरांड्यात तू भिंतीला टेकून झोपली होतीस. तोंड उघडं, पोलकं दुधाने भिजलेलं. मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, मैंने. आशा होकर, असं म्हणून ते जे बोलले ते मी इथेही लिहिणार नाही.

मग तो गेला. तू म्हणालीस सुईने गेला. तुझ्या आईने म्हटलं, गावाने म्हटलं. मी गप्प राहिले. त्या दिवसांत तुला विहिरीकडे एकटीला जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही घरात ठरवलं होतं. तुझे सासरे मोटर बिघडल्याचं निमित्त करून दिवसभर विहिरीच्या काठावर बसून असायचे, ते उगाच नव्हे. तू सुईला शिव्या दिल्यास, मला दिल्यास, आणि चौथ्या दिवशी ताटावर बसून दोन घास खाल्लेस. मला तेवढंच हवं होतं. सुईला काय, ती शिव्या खाऊन मरत नाही.

पण ती माझी एकटीची गोष्ट राहिली नाही. सुईचं ते नाव गावभर झालं, आणि बाबारावांचा नातू आता मान फिरवून उजेड टाळतो. तिकडे जान्हवीच्या तोंडात तेल जातं आहे. ज्या खोट्याने तुला वाचवलं तेच आता तिच्या जिवावर उठलं आहे. हे मी चार दिवस उलटसुलट करून बघते आहे. तुला खरं सांगितलं तर जान्हवी वाचेल. तू वाचशील की नाही, हे मला सांगता येत नाही. आणि तू नसलीस तर जान्हवीचं वाचणं कसलं?

आज कापसाच्या खोलीत गेले होते. खळगा होता. यावेळी बुजवला नाही. त्याच्यापाशी बसले आणि म्हटलं, तूच सांग बाबा काय करू. कापूस तो, काय सांगणार. पण बसल्याबसल्या एक सुचलं. त्या संध्याकाळचं मला काही आठवत नाही, असं तू नंतर सगळ्यांना म्हणायचीस. डोळ्यांपुढे अंधार आहे म्हणायचीस. त्या अंधारात मला जागा आहे. तेल खरं राहील आणि हात तेवढा बदलेल.

हा कागद आता चुलीत.


१५ डिसेंबर २०२४

रंजीता,

हे पत्र एकटी असताना वाच. जान्हवीला आधी झोपव.

ईशान सुईने गेला नाही. तेल छातीत गेल्याने गेला. मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहून मला स्पष्ट सांगितलं होतं. ते तेल मी पाजलं होतं.

तू दुपारी पाजलंस ते नीट पोटात गेलं. त्याला ठसका लागला होता, पण ठसका सगळ्यांना लागतो, तो नंतर निवांत झोपला, तू सांगितलं होतंस. संध्याकाळी मी नार्नूरहून आले तेव्हा तू दमली होतीस. मी म्हटलं, जा, आंघोळ करून घे, मी धरते त्याला. तू गेलीस. तो रडायला लागला. मला वाटलं दुपारचं तेल लागू पडलं नाही, अजून थोडं देऊ. पायांवर आडवा घेतला, नाक दाबलं आणि घाई केली. ते चुकलं. तो निळा पडला. मी पाठ थोपटली, तोंड पुसलं, आणि तू आलीस तेव्हा काही बोलले नाही. लोकांना शिकवणारी बाई, माझ्या हातून असं झालं हे सांगायला तोंड नव्हतं. मग तू सुई म्हणालीस आणि मी तिच्या आड लपले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र मी कबूल केलं. त्यांना विचारलंस तर तेही सांगतील, आजीने पाजलं होतं म्हणून.

तुला त्या संध्याकाळचं आठवत नाही. मला सगळं आठवतं. म्हणून सांगते, तुझ्या हातून काही झालेलं नाही.

आता दोन गोष्टी कर. जान्हवीला तेल, घुटी, काहीही बळेच पाजू नको. नाक दाबून तर पाणीसुद्धा नाही. विहीणबाईंना हे समजावून सांग, त्यांचा दोष काढू नकोस, त्यांनाही असंच शिकवलं आहे. आणि येत्या बुधवारी तिला सुईला ने. ताप येईल. घाबरू नकोस. तिला उघडं-मोकळं ठेव, अंगावर पाजत राहा, तिथल्या आशाबाईला बोलाव. ती माझ्यापेक्षा बरी असेल.

यानंतर तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजेन. कुलदीपला सांगायचं असेल तर सांग. त्याने मला आई म्हणायचं सोडलं तरी मी जगेन. मी जगते, मला ती वाईट सवय आहे.

बयनाबाई


२२ डिसेंबर २०२४
भैंसा

आत्याबाईंना नमस्कार.

बुधवारी जान्हवीला सुया दिल्या. दोन्ही मांड्यांना आणि दंडाला. रात्री ताप आला, मी जागीच होते, सकाळी उतरला. इथली आशाबाई दोनदा येऊन गेली. जान्हवी आता खेळते आहे.

तेलाची बाटली मी आईच्या हातून घेतली. ती म्हणाली, “काऊन वं, माह्या हातात काय विष आहे का?” मी म्हटलं, डोक्याला लावायला ठेव. तिला तुमच्या पत्रातलं काही सांगितलं नाही. कुलदीपलाही दाखवलं नाही. पत्र मी जाळलं.

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. आठवत नाही, असं मी सांगत आले, कारण कोणी त्याबद्दल विचारू नये असं वाटायचं. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही. मी आंघोळीला गेले नव्हते, आत्याबाई. दुपारपासून ईशानला मी मांडीवरून खाली ठेवलंच नव्हतं. तुम्ही आलात, चपलासुद्धा न काढता त्याच्या छातीकडे पाहिलंत आणि मामंजींना ऑटो आणायला ओरडून सांगितलंत. तुमच्या हाती मी त्याला दिला तो ऑटोत बसल्यावर. तुम्ही त्याला तेल पाजलं नाही.

आत्ताच इकडे येऊ नका. मला तुमच्याकडे बघता येणार नाही. संक्रांतीनंतर मी जान्हवीला घेऊन येईन, तोवर थांबा. खोली रिकामी करून ठेवा.

आणि हे मी एकदाच लिहिते आहे. यापुढे कोणीही विचारलं, तर तुम्ही लिहिलं होतं तेच मी सांगेन. तुम्हीही तेच सांगा. मला जान्हवीला वाढवायचं आहे.

रंजीता